हरणाची शिकार आणि गोळीचे गणित

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी विमानतळ बांधला. त्याची आजची धावपट्टी सुमारे सव्वादोन किलोमीटर लांब आहे. समजा, या सपाट धावपट्टीच्या एका टोकाला उभे राहून कोणी दीड मीटर उंचीवर रायफल अगदी आडवी धरून बार काढला. गोळी जमिनीला न टेकता दुसऱ्या टोकाला पोचेल काय?

मुळीच नाही! नळीतून बाहेर पडताच गोळी खाली येऊ लागते. हातातून सोडलेल्या दगडाला दीड मीटर पडायला ०.५५ सेकंद लागतात. आडव्या उडालेल्या गोळीलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तिचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला तर तेवढ्या वेळात ती ४४० मीटर जाईल. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलांत पूर्वी परवाना काढून चितळ-सांबरांची शिकार होत असे. तेव्हा शिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न असे : काडतूस कोणते घ्यावे? हा प्रश्न खरे तर पदार्थविज्ञानाचा आहे.

हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवू. वरील गोळी १०० मीटर अंतरावर सुमारे ८ सेंटिमीटर, तर २०० मीटरवर सुमारे ३१ सेंटिमीटर खाली येते. अंतर दुप्पट, पण घसरण चौपट! आता काडतुसात दारू थोडी कमी पडली आणि वेग ८०० ऐवजी ७०० झाला, तर २०० मीटरवर गोळी ४० सेंटिमीटर खाली येईल. म्हणजे नेम तोच असूनही ९ सेंटिमीटरांचा फरक. छातीत बसायची गोळी पायाला लागते आणि जखमी हरीण जंगलात पळून जाऊन तडफडून मरते.

म्हणूनच परदेशांत जे शिकारी स्वतः काडतुसे भरतात, ते दारू सूक्ष्म तराजूवर ‘ग्रेन’मध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. जास्त दारू घातली की झाले, असेही नाही. बंद जागेत दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि दाब आणखी वाढतो. प्रमाण चुकले तर नळीच फुटते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे.

आता गोळी हरणाला लागते तेव्हा काय होते ते पाहू. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो. हे कितपत खरे? गोळी १० ग्रॅमची असेल तर तिचा संवेग ०.०१ × ८०० = ८ एकक. हा सगळा संवेग ६० किलोग्रॅमच्या चितळाला मिळाला, तरी त्याला वेग मिळेल सेकंदाला फक्त १३ सेंटिमीटर.  पण त्याच गोळीची गतिज ऊर्जा ३२०० जूल असते. प्राणी मरतो तो धक्क्याने नव्हे, तर ही ऊर्जा शरीराच्या आत खर्च होऊन झालेल्या इजेने.

ती किती खर्च होईल हे गोळीच्या टोकावर अवलंबून असते. शिशावर तांब्याचे पूर्ण कवच असेल तर गोळी पुष्कळदा आरपार जाते आणि बरीच ऊर्जा घेऊन बाहेर पडते. टोकाशी शिसे उघडे ठेवले तर ते आत शिरताच पसरते, आणि ऊर्जा तेथेच खर्च होते. कोलकात्याजवळच्या डमडम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गोळ्या लष्करासाठी बनल्या. त्यांच्या भयंकर जखमांमुळे १८९९ च्या हेग परिषदेने त्या युद्धात वापरू नयेत असे ठरविले. शिकारीत मात्र उलट विचार केला जातो : प्राणी तत्काळ मरावा, जखमी होऊन पळू नये, म्हणून पसरणारी गोळीच योग्य मानतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने तिचे परवानेही बंद झाले. आज चितळ मारणे हा गुन्हा आहे. मात्र बंदुकीचे गणित जंगलातून गेलेले नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्याच्या जंगलात सोडण्यात आल्या. अशा जनावरांना पकडण्यासाठी बंदुकीतून गुंगीच्या औषधाची सुई मारतात. येथे हेतू अगदी उलटा असतो : औषध आत जावे, पण इजा कमीत कमी व्हावी.

समजा, ही सुईही १० ग्रॅमचीच आहे आणि तिचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. मग तिची ऊर्जा भरते फक्त १८ जूल. वेग आणखी वाढविला तर हाड मोडण्याची भीती. पण मंद वेगाची किंमतही मोजावी लागते. ३० मीटर जायला सुईला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सव्वा मीटर खाली येते! म्हणून सुई मारणाऱ्याला आधी अंतर अचूक मोजून नेम वर धरावा लागतो.

आता एक गणित तुमच्यासाठी. जनावर ३० मीटरवर आहे असे समजून नेम धरला, पण ते प्रत्यक्षात २० मीटरवरच उभे आहे. सुई कोठे जाईल? वहीत आकृती काढा, म्हणजे अंतराच्या एका चुकीने काय घडते ते तुम्हाला दिसेल.