उपाहारगृहातील देयकाची संगणकीय रचना

दुकानातील विक्री एका क्षणात पुरी होते. उपाहारगृहातील देयक मात्र गिऱ्हाईक बसल्यापासून उठेपर्यंत अपुरेच असते. मध्यंतरी पदार्थ वाढतात, रद्द होतात, टेबलही बदलते. १९८६ साली जीन मोशर यांनी अटारी संगणकावर स्पर्शपटलाची विक्रीप्रणाली सिद्ध केली. त्यामुळे नोंद करणे सुलभ झाले; परंतु ती टिकवावी कशी, हा प्रश्न निराळा आहे.

केवळ अखेरची बेरीज जपणाऱ्या रचनेत रद्द केलेल्या पदार्थाचा मागमूसही उरत नाही. तो स्वयंपाकघरात तयार झाला होता काय, गल्ल्यात रोकड कमी का, याचा निर्णय लागत नाही आणि संशय वाढप्यावर येतो. म्हणून जुनी नोंद न पुसता, रद्द करणे हीही वेळ व नाव यांसह एक नवी नोंद मानावी. देयक हे अशा सर्व नोंदींचे फलित होय.

कराचा दरही प्रत्येक देयकासोबत साठवावा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांसाठी वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्के झाला. त्यापूर्वीचे देयक पुन्हा छापताना नवा दर लागला, तर हिशेबच खोटा ठरेल.

तात्पर्य, खाडाखोड नसलेली कीर्दवही हाच या रचनेचा आदर्श होय.