कर्करोग उपाशी मरतो का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय आहारनियम, हळद व कडुनिंब यांना दिले. साखर-दूध तोडले की कर्कपेशी उपाशी मरतात, ही त्यामागील कल्पना. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी तत्काळ खुलासा केला : यास भक्कम पुरावा नाही, गुण आला तो शस्त्रक्रिया व केमोथेरपीने. साखर वर्ज्य केली तरी शरीर स्वतः ग्लुकोज निर्माण करते. उपासमारीने क्षीण होतो तो रुग्ण. तप कर्मनिर्जरेसाठी असते. त्यावर औषधाचा भार टाकू नये. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. गाठ जाणवताच तेथील कर्करोग रुग्णालय गाठावे. व्यवहारात उशिराचे व्याज भरता येते. येथे मुद्दलच जाते.