उलटीची गोळी आणि दिवसभराची झोप

आता येऊ या उलटीच्या औषधांकडे. केमो म्हटलं की पेशंटच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात केस, आणि लगेच उलट्या. पूर्वीची ती भीती खरीच होती. १९९० नंतर ऑनडॅनसेट्रॉन आलं आणि चित्र पालटलं. सलाईन चालू असताना भांडं घेऊन बसायची वेळ कमी झाली. पण या औषधाने पोट घट्ट होतं, डोकं दुखतं. चार दिवस शौचाला झालं नाही की लोक दोष केमोला देतात, आणि ही गोळी साधी म्हणून सुटते.

तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची मळमळ उरतेच. उलटी नाही, पण अन्नाचा वासही नको. त्यासाठी आता ओलान्झापिन देतात. हे मुळात मानसिक आजारावरचं औषध. घरातला मुलगा मोबाईलवर नाव टाकतो, 'स्किझोफ्रेनिया' असं वाचतो आणि विचारतो, "आईला वेड्यांची गोळी का दिली?" काही घरांत तिथेच गोळी बंद होते. खरं कारण साधं आहे. उलटीचा निरोप मेंदूत डोपामिन, सिरोटोनिन अशा अनेक रसायनांमार्फत फिरतो, आणि ही एकच गोळी त्यातले बरेच दरवाजे बंद करते. त्यातलाच एक दरवाजा हिस्टामिनचा. सर्दीच्या काही गोळ्या घेतल्या की पेंग येते ना, ती याच दरवाजामुळे.

तर मुख्य त्रास झोपेचा. ही आरामाची झोप नव्हे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून परळला टाटाला येणारी बाई डोळ्याला डोळा लावू न शकणाऱ्या ट्रॅफिकमधून, रस्ता ओलांडून यायची असते. कुणी लोकल धरून घरी जाऊन स्वयंपाकाला उभी राहते. तिला दिवसभर गुंगी परवडत नाही. त्यात एकदम उठलं की चक्करही येते.

आपल्याकडे प्रघात १० मिलिग्रॅमचा होता, बाहेरून आलेला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं, एवढी लागते का? फेब्रुवारी २०२१ ते मे २०२३ या काळात त्यांनी पेशंटचे दोन गट केले. एकाला १० मिलिग्रॅम, दुसऱ्याला फक्त अडीच. बहुतेक पेशंट स्त्रिया, स्तनाच्या कॅन्सरच्या. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निकाल आला. उलटी नाही, जादा औषध नाही, मळमळ असलीच तर किरकोळ, असा पूर्ण आराम अडीचच्या गटात ४५ टक्क्यांना पडला, दहाच्या गटात ४४ टक्क्यांना. म्हणजे बरोबरी! आणि पहिल्या दिवशीची जबर झोप? दहाच्या गटात ४० टक्के, अडीचच्या गटात ५. गोळीचा चौथा हिस्सा, गुण तोच. (मला विचाराल तर, परळमध्ये झालेलं हे काम परळच्याच रांगेत उभ्या असलेल्या लोकांना ठाऊक नसावं, याचं वाईट वाटतं.)

पण अडीचवरही झोप अजिबात येत नाही असं समजू नका. थोडीफार झोप ६५ टक्क्यांना आलीच. म्हणून गोळी साधारणपणे रात्री देतात.

गुंगी फार वाटली तर गोळी मनाने अर्धी करू नका किंवा सोडू नका, डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा डोस किती आहे? कमी करता येईल का?" आणखी एक. मळमळली म्हणून दुकानातून मेटोक्लोप्रामाइड आणून यावर घेऊ नका. दोन्ही डोपामिनच अडवतात. मान वाकडी होणं, जबडा आवळणं असे झटके येऊ शकतात, तरुणांत जास्त. असं झालंच तर घाबरून घरी बसू नका, लगेच इस्पितळात जा. इंजेक्शनने बहुधा लवकर उतरतं. हृदयाच्या ठोक्यांचा जुना त्रास असेल, मधुमेह असेल, रात्रीची झोपेची गोळी चालू असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. केसपेपरवर ते सगळं असतंच असं नाही.