दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पायात खोल रुतलेला काटा काढायचा असला, की सुईने भोवतालची कातडी उकरावी लागते आणि कित्येकदा काट्यापेक्षा उकरण्याचेच दुःख अधिक होते. पोटातील रोगांवरील शस्त्रक्रियेतही असेच घडत असे. पित्ताशय ही यकृताखाली दडलेली, ७ ते १० सेंटिमीटर लांबीची एक पिशवी. तीत खडे होऊन वारंवार कळा येऊ लागल्या, तर ती काढून टाकणे हा खात्रीचा उपाय होय. परंतु तेथवर हात पोहोचावा म्हणून शस्त्रवैद्याला पोटावर सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा छेद घ्यावा लागे. त्यात कातडी, चरबी आणि स्नायू यांचे थर कापले जात. रोग्याला पुढे कित्येक आठवडे जे सोसावे लागे, ते मुख्यतः या वाटेवरच्या जखमेमुळे.

शस्त्रक्रियेतील दोन मोठी भये एकोणिसाव्या शतकात ओसरली. १८४६ साली बोस्टन येथे ईथर हुंगवून रोग्यावर शस्त्रक्रिया करण्याचा प्रयोग सर्वांसमक्ष झाला आणि वेदनेचे भय गेले. १८६७ साली जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखम जंतुरहित ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि जखम चिघळण्याचे भय कमी झाले. मोठ्या छेदाची अडचण मात्र तशीच राहिली. ‘जितका शस्त्रवैद्य मोठा, तितका छेद मोठा’ असे त्या व्यवसायात अभिमानाने म्हटले जाई. यात तथ्यही होते. जे दिसत नाही, ते निर्धोकपणे कापता येत नाही. आणि दिसण्यासाठी तर पोट उघडावेच लागे.

मग पोट न उघडता आत पाहता येईल काय? १९०१ साली जर्मन वैद्य गेओर्ग केलिंग याने एका कुत्र्याच्या पोटात हवा भरून, बारीक छिद्रातून नळीची दुर्बीण आत घातली व आतील इंद्रिये पाहिली. १९१० साली स्वीडनमधील याकोबेउस याने हाच प्रयोग माणसांवर केल्याचे प्रसिद्ध केले. पण आत उजेड अपुरा पडे. १९५४ साली इंग्लंडमधील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी, केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे दाखविले. पुढे अशाच तंतूंतून बाहेरचा प्रखर प्रकाश पोटात पोहोचविता येऊ लागला.

ही शस्त्रक्रिया कशी होते, ते पाहू. रोग्याला भूल दिल्यावर बेंबीजवळ एक लहान छिद्र घेतात व त्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे पोटाची भिंत तंबूच्या कापडाप्रमाणे वर उचलली जाते आणि आत हालचालीस जागा होते. हा वायू पेट घेत नाही. आणि जो थोडा रक्तात विरघळतो, तो श्वासावाटे बाहेर पडतो. छिद्रातून आत गेलेल्या दुर्बिणीस कॅमेरा जोडलेला असतो व आतील दृश्य पडद्यावर मोठे होऊन दिसते. आणखी दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्यांचे चिमटे व कात्री आत जातात. कोणतेही छिद्र साधारणपणे ५ ते १० मिलिमीटरांहून मोठे नसते. पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी क्लिपा लावून बंद करतात, पित्ताशय सोडवितात आणि छिद्रावाटे बाहेर काढतात.

नवी वाट चोखाळणाऱ्यांना उपहास सोसावा लागतो. पश्चिम जर्मनीतील कुर्ट झेम यांनी १९८० साली या रीतीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा अनेक शस्त्रवैद्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी एरिक म्यूहे यांनी पहिल्यांदा पित्ताशय असे काढले. पुढच्या वर्षी शस्त्रवैद्यांच्या जर्मन परिषदेत त्यांनी ही हकीकत सांगितली, पण कोणी तिचे स्वागत केले नाही. त्याच संस्थेने १९९२ साली त्यांचा गौरव केला. दरम्यान ही पद्धती जगभर पसरली होती.

भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी या पद्धतीने पित्ताशय काढले. ही देशातील अशी पहिली शस्त्रक्रिया होय. २०१७ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २०२३ साली ते निवर्तले. ही पद्धती श्रीमंतांची चैन नसून गरिबांना तिची अधिक गरज आहे, असे ते आग्रहाने प्रतिपादन करीत.

त्यांचे म्हणणे नीट उमजून घेतले पाहिजे. जखम लहान, म्हणून वेदना कमी. वेदना कमी, म्हणून रोगी लवकर उठून चालू लागतो आणि मोकळा श्वास घेऊ शकतो. जखम चिघळण्याचा व पुढे त्या जागी अंतर्गळ होण्याचा संभवही घटतो. पित्ताशयाचा रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो आणि थोड्याच आठवड्यांत कामास लागतो. ओझी वाहणारा हमाल किंवा शेतात राबणारी स्त्री यांना अंथरुणावरचा प्रत्येक दिवस मजुरीस मुकवितो. त्यांच्या दृष्टीने लहान छेद म्हणजे घरातली चूल पेटती राहणे होय.

तथापि, ही पद्धती सर्वच रोगांना व सर्वच रोग्यांना लागू पडत नाही. पडद्यावर पाहून काम करताना बोटांचा स्पर्श कामी येत नाही. म्हणून तिच्यासाठी दीर्घ शिक्षण व सराव लागतो. रक्तस्राव आवरेना किंवा आतील भाग एकमेकांस चिकटल्यामुळे वाट नीट दिसेना, तर पोट उघडणेच श्रेयस्कर ठरते. असा निर्णय वेळीच घेणे हा पराभव नव्हे. ते शहाणपण होय. छिद्र लहान की छेद मोठा, हा शस्त्रवैद्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. रोगी कशाने सुखरूप राहील, एवढाच प्रश्न त्याने स्वतःस विचारावयाचा असतो.