आमरसाचे जेवण आणि डावी कूस

मे महिन्याची दुपार. आमरस-पुरीचे जेवण झाले आहे. आग्रहामुळे चार पुऱ्या जास्तच गेल्या. तुम्ही सतरंजीवर आडवे होता आणि थोड्याच वेळात छातीत जळजळू लागते, घशाशी आंबट येते. आपण दोष आंब्याला देतो किंवा उन्हाला. पण यातला बराचसा भाग साध्या पदार्थविज्ञानाचा आहे.

जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२४ साली दाखवून दिले. जठराच्या आत श्लेष्म्याचे जाड अस्तर असल्याने या आम्लाने जठराला सहसा इजा होत नाही. अन्ननलिकेला मात्र असे चिलखत नसते. म्हणून दोन्हींच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास गिळताना ते सैल होते, एरवी आवळलेले राहते.

पोट तुडुंब भरले की जठर ताणले जाते आणि हे कडे पुनःपुन्हा क्षणभर सैल पडते. वर बाटलीतले थंड पेय घेतले, तर त्यातला वायू मोकळा होऊन ताण आणखी वाढवतो. तळलेले अन्न जठरात रेंगाळते, ते निराळेच. उभे किंवा बसलेले असताना गुरुत्वाकर्षण आम्लाला खाली ओढून धरते. आडवे होताच ही मदत संपते.

आता एक प्रयोग करा. तोंड एका कडेला असलेला पाण्याचा कॅन एक तृतीयांश भरा आणि टोपण काढून मोरीत आडवा ठेवा. तोंडाकडची बाजू खाली आली, तर पाणी सांडेल. ती वर राहिली, तर सांडणार नाही. आपले जठरही असेच आहे. त्याचा फुगीर भाग डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला उजव्या अंगाने मिळते. डाव्या कुशीवर निजल्यास तोंड वर राहते, उजव्या कुशीवर ते आम्लात बुडते.

अॅमस्टरडॅम येथील संशोधकांनी २०२२ साली झोपलेल्या रुग्णांवर हे मोजून पाहिले. आम्ल वर येण्याचे प्रसंग सर्व स्थितींत सारखेच होते. पण अन्ननलिकेतून ते नाहीसे व्हायला डाव्या कुशीवर सुमारे ३५ सेकंद, तर उजव्या कुशीवर सुमारे ९० सेकंद लागले. आपल्याकडे जेवणानंतरच्या विश्रांतीला ‘वामकुक्षी’ म्हणतात. वाम म्हणजे डावी!

तेव्हा दोन घास कमी खा. जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नका. डुलकी आवरत नसेल तर आरामखुर्ची बरी. रात्री त्रास होत असेल, तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच करा.

मात्र जळजळ वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या छातीत दुखून घाम सुटला, दम लागला किंवा कळ हातात गेली, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.