क्षयरोग्याची नोंद

क्षयरोगाशीं चाललेला झगडा हा केवळ जंतु आणि औषध यांच्यामधील नव्हे. योग्य वेळीं योग्य माणसास माहिती मिळणें, न मिळणें, यावरहि त्याचा निकाल अवलंबून असतो. साध्या क्षयाचा उपचार सुमारें सहा महिने चालतो. परंतु कांहीं आठवड्यांतच खोकला ओसरतो, वजन वाढूं लागतें, आणि आपण बरे झालों असें समजून कित्येक रोगी गोळ्या सोडून देतात. मग औषधास दाद न देणारे जंतु तेवढे माजतात, आणि रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड हीं प्रमुख औषधेंहि निरुपयोगी ठरूं शकतात.

मुंबईंत मजुरी करणारा माणूस आजारी पडला, कीं पुष्कळदां कोंकणांत किंवा देशावर आपल्या गांवीं जातो. कागदी वह्यांच्या काळांत त्याची नोंद मात्र मुंबईच्या दवाखान्यांतच राही. त्यानें कोणतीं औषधें किती दिवस घेतलीं, हें गांवच्या डॉक्टरास कळावें कसें? खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या असंख्य रोग्यांचा तर सरकारदरबारीं पत्ताच नसे.

ही उणीव दूर करण्यासाठीं भारत सरकारनें २०१२ सालीं दोन उपाय योजिले. क्षयरोग्याची खबर आरोग्यखात्यास देणें सर्व डॉक्टरांवर बंधनकारक केलें, आणि ‘निक्षय’ ही संगणकावरील नोंदणी सुरू केली. तींत प्रत्येक रोग्यास एक क्रमांक मिळतो. तपासणीचा निकाल, औषधांची योजना आणि घेतलेल्या मात्रा त्या क्रमांकाखालीं नोंदल्या जातात. रोग्यानें गांव बदलल्यास ती नोंद नव्या केंद्राकडे सोंपवितां येते. पोषक आहारासाठीं एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये रोग्याच्या बँकखात्यांत देण्याची योजनाहि याच नोंदीवर उभी आहे.

तथापि यंत्र स्वतः कांहींच जाणत नाहीं. महिनाअखेर घाईनें भरलेले रकाने वरिष्ठांस आंकडे पुरवितील. रोग्यास त्यांचा लाभ नाहीं. आज कोणाच्या गोळ्या चुकल्या हें पाहून आरोग्यसेविका जेव्हां त्याच्या दाराशीं जाते, तेव्हांच त्या माहितीचें ज्ञान होतें. शिवाय क्षयाचें नांव निघतांच नोकरी आणि सोयरीक यांवर गदा येण्याचें भय अद्यापि अनेक घरांत आहे. म्हणून नोंद जितकी सहज फिरते, तितकीच ती भलत्या हातीं न पडण्याची दक्षताहि घेतली पाहिजे.

यांत सुशिक्षित कुटुंबांचाहि वांटा आहे. घरांतील माणसास किंवा घरकाम करणाऱ्या बाईस क्षय झाला, आणि उपचार खासगी डॉक्टरांचा असला, तरी नोंद झाली कीं नाहीं हें विचारावें. प्रवासास निघतांना रोग्याचा क्रमांक जवळ ठेवावा. औषध रोग्याबरोबर जातेंच. त्याची हकीकतहि त्याच्याबरोबर गेली, तर सहा महिन्यांचा उपचार मध्येंच तुटत नाहीं.