पबमधली दुपार

पब म्हटले की आपल्याकडे अंधारी खोली, कानठळ्या बसवणारे संगीत आणि मध्यरात्रीची पोलिसांची धाड डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे. 'पब्लिक हाउस' म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. हे घर ओळखायचे असेल तर रात्री जाऊ नये, दुपारी जेवणाच्या वेळी जावे. मी पिणारा नाही, आमच्या धर्मात ते वर्ज्य आहे. तरीही इंग्लंडमधल्या सॉल्कम गावातल्या पबमध्ये मी पोटभर जेवलो, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

सॉल्कम हे डेव्हन परगण्याच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या मुखाशी डोंगरउतारावर वसलेले आहे. खाडी म्हणायची, पण तिला सांगण्यासारखी नदी नाही. समुद्राची पातळी वाढून बुडालेली ती दरी आहे. रेल्वे या गावात कधी आलीच नाही. शेजारच्या किंग्जब्रिजला आली होती, तीही १९६३ साली बंद झाली. एकोणिसाव्या शतकात इथे शिडाची चपळ जहाजे बांधली जात. अझोर्स बेटांवरची संत्री नासायच्या आत इंग्लंडला पोचवणे हे त्यांचे काम. आज त्याच पाण्यात श्रीमंतांच्या हौशी यॉट डुलत असतात. २०२२ सालच्या एका बँकेच्या पाहणीत सॉल्कम हे ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे सर्वांत महागडे गाव ठरले. घराची सरासरी किंमत होती १२ लाख पौंडांहून अधिक!

अशा गावात पबची रीत पाहण्यासारखी असते. टेबलाशी वाट पाहत बसलात तर बहुधा कोणी विचारायला येत नाही. आपणच काउंटरपाशी जायचे, टेबलाचा नंबर सांगायचा, आधी पैसे द्यायचे. तिथे रांग दिसत नाही, पण आपल्याआधी कोण आले हे प्रत्येकाला ठाऊक असते. पूर्वी बहुतेक पबमध्ये दोन भाग असत. कष्टकऱ्यांसाठी उघड्या फरशीचा 'पब्लिक बार' आणि बऱ्या कपड्यांतल्या लोकांसाठी गालिचा घातलेला 'सलून बार'. तीच बीअर सलूनमध्ये थोडी महाग मिळे. पुढे अनेक ठिकाणी मधली भिंत पाडली गेली. माझ्यापुढे तेलाच्या डागांचा डगला घातलेला होड्या दुरुस्त करणारा कारागीर होता आणि मागे भारी जाकिटातला यॉटवाला. कारागिराचा नंबर आधी, म्हणून त्याला आधी मिळाले. एवढेच.

पेल्यात काय आहे हे कोणी विचारत नाही. लिंबाचे सरबत घातलेला सोडा मागितला, तो मिळाला. तळलेली मासळी मागवण्याआधी मात्र एक चौकशी करावी. पुष्कळ ठिकाणी तिच्या पिठात बीअर घालतात. काउंटरवरच्या मुलीने आत जाऊन विचारले, परत येऊन "हो, घालतात" म्हणाली आणि खेकड्याचे सँडविच सुचवले. खेकडे याच किनाऱ्यावरचे. ताज्या खेकड्याची गोडी ओळखायला भाषा लागत नाही.

ती मुलगी किंग्जब्रिजहून बसने येते. सॉल्कममध्ये भाड्याने खोली घेणेही तिला परवडत नाही. इथली निम्म्याहून अधिक घरे बाहेरच्या लोकांची दुसरी घरे आहेत. उन्हाळ्यात ती गजबजतात, हिवाळ्यात खिडक्या काळोख्या.

हा प्रश्न केवळ घरभाड्याचा नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा आहे. त्यालाही इंग्रजीत 'बार'च म्हणतात. २७ ऑक्टोबर १९१६ रोजी संकटातल्या एका जहाजाच्या मदतीला गावची वल्ह्यांची जीवरक्षक होडी वादळात निघाली. त्या जहाजावरची माणसे आधीच किनाऱ्यावरून वाचवली गेली होती. परतताना या बारवर होडी उलटली आणि पंधरांपैकी तेरा जण बुडाले. सगळे आसपासचेच. आजही सॉल्कमला जीवरक्षक होडी आहे आणि तिच्यावर मुख्यतः स्वयंसेवक जातात. हाक आली की काही मिनिटांत धक्क्यावर हजर व्हायचे, तर माणूस गावातच राहायला हवा. लाखो पौंडांच्या यॉटही संकटात याच माणसांच्या भरवशावर असतात.

गाव स्वस्थ बसलेले नाही. २०१९ साली मंजूर झालेल्या स्थानिक आराखड्यात, नवी घरे बारमाही राहणाऱ्यांसाठीच असावीत, असा नियम झाला. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावण्याची मुभा मिळाली आहे. एवढ्याने घरे त्या मुलीच्या आवाक्यात येतील असे नाही, पण सुरुवात झाली आहे.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर भर हिवाळ्यात, दुपारी एक वाजता पबमध्ये जा. उन्हाळ्यात तिथे पाहुणे भेटतात. हिवाळ्यात जे भेटतील, ते गाव. ते किती उरले आहे, हे टेबले मोजली की कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)